साधं की प्रीमियम? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या रस्त्यांवर पेट्रोलचा किलोमीटरमागचा हिशेब

पंपावर गाडी लावली की पोरगा विचारतो, "पॉवर घालू की सादा?" मागे रांग असते, विचार करायला वेळ नसतो, आणि "घाल पॉवर" म्हटलं की लिटरमागे सात-आठ रुपये जास्त जातात. महाग म्हणजे चांगलं आणि चांगलं म्हणजे जास्त ॲव्हरेज, असं बहुतेकांनी धरलेलं असतं. पण रोजच्या वापरातल्या बहुतेक मोटरसायकली, स्कूटर आणि टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या गाड्यांना प्रीमियम पेट्रोलने घातलेले पैसे परत मिळत नाहीत. काही ठराविक इंजिनांना मात्र ते खरोखर लागतं. आपली गाडी कुठल्या गटातली हे कसं ओळखायचं आणि स्वतःच्या रस्त्यावर स्वतः मोजून खात्री कशी करायची, ते पुढे आहे.

ऑक्टेनचा आकडा काय सांगतो

एक्सपी ९५, पॉवर ९५, स्पीड ९७ अशा नावांतला आकडा ऑक्टेनचा असतो. पेट्रोलमध्ये किती ताकद आहे हे तो सांगत नाही. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं तेव्हा ते ठिणगीची वाट न बघता आपोआप पेटतं की दम धरतं, एवढंच त्या आकड्यावरून कळतं. आकडा मोठा तितका दम जास्त. मिश्रण वेळेआधी किंवा भलत्याच ठिकाणी पेटलं की पिस्टनवर आघात होतो आणि डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. त्यालाच नॉकिंग म्हणतात.

म्हणजे ९१ ऑक्टेनवर जे इंजिन नॉक करत नाही, त्याला ९५ दिल्याने काही वेगळं घडत नाही. दम होताच, तो वाढला इतकंच. लिटरमधली उष्णता जवळपास तितकीच राहते आणि ॲव्हरेज त्या उष्णतेवर ठरतं.

यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून गोंधळ करून घेऊ नका. तिथल्या पंपावरचा ८७ हा आकडा वेगळ्या पद्धतीने काढलेला असतो, दोन चाचण्यांची सरासरी घेऊन. आपल्याकडच्या मोजणीत तो साधारण ९१-९२ होतो. तिथलं ९१ चं 'प्रीमियम' आपल्याकडच्या ९५-९६ च्या घरात जातं.

ई२० आल्यावर हिशेब बदलला, तो कसा

एप्रिल २०२० मध्ये लागू झालेल्या बीएस-६ प्रमाणे (गाड्यांच्या धुराचं मानक) देशातलं साधं पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचं असतं. पूर्वी एके काळी ते ८८ होतं. आता साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यालाच ई२० म्हणतात. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन सुमारे १०८, त्यामुळे मिश्रणाचंही वाढतं. ई२० साठीच्या भारतीय मानकात किमान ऑक्टेन ९५ ठरवलेलं आहे आणि पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये तेच सांगितलं. तेव्हा 'साधं ९१ विरुद्ध प्रीमियम ९५' ही जुनी तुलना डोक्यातून काढायला हवी. पंपावर ई२० मिळत असेल तर साध्याचाच दम ९५ च्या जवळ गेलेला आहे. ९५ च्या नावाखाली जास्त पैसे देताना आता मुख्यतः त्यात मिसळलेल्या साफसफाईच्या रसायनांचे पैसे आपण देतो.

दुसरी बाजूही खरी आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. ई२० मध्ये त्याचा वाटा पाचवा, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागची उष्णता सहा-सात टक्क्यांनी उतरते. नीती आयोगाने २०२१ मध्ये मांडलेल्या आराखड्यात ॲव्हरेजमधली घट अशी धरली होती: जुन्या, ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींना ३ ते ४ टक्के, आणि ई२० साठी जुळवलेल्या नव्या चारचाकींना १ ते २ टक्के. "पूर्वी ५५ द्यायची, आता ५२ देते" ही तक्रार त्यामुळे खोटी नसते. पण त्यावर ९५ चं प्रीमियम हा उपाय नाही. प्रीमियम म्हणजे बिनइथेनॉलचं असं समीकरण नाही. पंपावर स्पष्ट विचारा, "यात इथेनॉल किती?" १०० ऑक्टेनचं पेट्रोल बरेच जण ते इथेनॉल नसलेलं म्हणून घेतात, पण ते मोजक्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर मिळतं आणि त्याची किंमत सगळा फायदा कशी गिळते ते पुढच्या आकड्यांत दिसेल.

चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक पट्ट्यातला ऊस कारखान्यांत जातो आणि त्यातून इथेनॉलही निघतं. म्हणून या विषयावर इथे भावना तीव्र असतात. गाडीचा हिशेब मात्र भावनेवर करू नये.

आपली गाडी कुठल्या गटात

गाडीचं पुस्तक काढा. 'इंधन' असं पान असतं. पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही बऱ्याच गाड्यांवर स्टिकर असतो. तिथे ऑक्टेनचा आकडा शोधा आणि त्याआधीचा शब्द नीट वाचा. 'किमान ९१' असेल तर विषय संपला, साधंच घाला. 'किमान ९५' असेल तर ९५ च्या खाली उतरू नका. 'किमान ९१, शिफारस ९५' असेल तर कंपनीचं म्हणणं असं की ९१ वर इंजिन सुरक्षित आहे, पण पूर्ण ताकद ९५ वर मिळेल. शेवटच्या या गटासाठीच खरी चाचणी करावी लागते.

स्टिकरवर ई१० किंवा ई२० लिहिलं आहे का तेही बघा. एप्रिल २०२३ पासून येणाऱ्या गाड्यांचे रबरी आणि प्लास्टिकचे भाग ई२० सहन करणारे असतात. त्याआधीच्या गाड्यांत पेट्रोलच्या नळ्या, ओ-रिंग आणि कार्ब्युरेटरच्या गाड्यांत फ्लोटची सुई या तीन ठिकाणी सर्व्हिसिंगला नजर टाकायला सांगा. नळी बोटांनी दाबल्यावर भेगा दिसल्या किंवा चिकट वाटली तर बदला. ९५ चं पेट्रोल घालून जुनं रबर वाचत नाही.

इंजिनाची जातही महत्त्वाची. कार्ब्युरेटरच्या जुन्या बाइकमध्ये ठिणगीची वेळ ठरलेली असते. पेट्रोल कुठलं आलं हे तिला कळतच नाही, त्यामुळे जास्त ऑक्टेनचा फायदा शून्य. नॉक सेन्सर असलेल्या गाडीत कॉम्प्युटर आघाताची चाहूल लागताच ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि ॲव्हरेज थोडं जातं. अशा गाडीला, विशेषतः टर्बो असलेल्या गाडीला, ओझ्याखाली जास्त ऑक्टेनने ती गेलेली ताकद परत मिळू शकते. म्हणजे फायदा होतो तो घाटात, पाच माणसं, सामान आणि एसी चालू असताना. सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाने जाताना तीच गाडी दोन्ही पेट्रोलवर सारखीच चालते.

बेळगावची उंची

ही गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी. टर्बो नसलेलं इंजिन तेवढीच विरळ हवा ओढतं, सिलिंडरमधला दाब कमी राहतो आणि नॉकिंगची शक्यता घटते. तीच बाइक पणजीत किंवा वेंगुर्ल्यात जितकं ऑक्टेन मागेल, त्यापेक्षा बेळगावात कमी मागते. टर्बोवाल्या गाडीला मात्र या उंचीचा फायदा मिळत नाही, कारण टर्बो हवा कोंबून दाब पुन्हा भरून काढतो.

कस लागतो तो गोव्याकडून वर येताना. केरीच्या बाजूने चोर्ला घाट चढताना सुरुवात समुद्रसपाटीजवळच्या दाट, गरम हवेत होते आणि इंजिनावर ओझं सतत असतं. सावंतवाडीहून आंबोली चढतानाही तसंच. टर्बो गाडी आणि पुस्तकात ९५ ची शिफारस असेल तर खाली असतानाच ९५ घालणं समजण्यासारखं आहे. बेळगावातून उतरताना घालून उपयोग नाही, उतारावर इंजिनाला काम नसतं.

पैसे वसूल व्हायला ॲव्हरेज किती वाढायला हवं

सूत्र एका ओळीचं आहे: साध्यावरचं ॲव्हरेज गुणिले प्रीमियमचा दर, भागिले साध्याचा दर. पुढचे दर उदाहरणासाठी धरले आहेत, तुम्ही त्या दिवशीचे घाला.

समजा साधं १०३ रुपये, ९५ वालं १११ रुपये आणि १०० ऑक्टेन १६० रुपये.

- साध्यावर ५० देणारी बाइक: ९५ वर किमान ५३.९ दिलं पाहिजे, १०० ऑक्टेनवर ७७.७.
- साध्यावर १६ देणारी कार: ९५ वर किमान १७.२, १०० ऑक्टेनवर २४.९.

म्हणजे ९५ साठी ७.८ टक्के वाढ लागते, १०० ऑक्टेनसाठी ५५ टक्के. कुठल्याही पेट्रोलने ५५ टक्के वाढ मिळत नाही. इथेनॉल पूर्ण काढून टाकलं तरी सहा-सात टक्क्यांपलीकडे काही येणं नाही. ॲव्हरेजच्या नावाखाली १०० ऑक्टेन घेणं हे म्हणून निव्वळ नुकसान आहे. ज्याला जुनी गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची आहे किंवा ज्याच्या इंजिनाच्या पुस्तकातच तेवढं ऑक्टेन लिहिलं आहे, त्याची गोष्ट वेगळी.

वर्षाचा फरकही काढा. वर्षाला १२,००० किलोमीटर, ५० चं ॲव्हरेज, म्हणजे २४० लिटर. लिटरमागे ८ रुपये जास्त म्हणजे १,९२० रुपये. कारचे ७५० लिटर, म्हणजे ६,००० रुपये. एवढ्यात बाइकची एक चांगली सर्व्हिसिंग, किंवा कारला एखादा टायर.

स्वतः मोजण्याची पद्धत

डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा या कामासाठी धरू नका. तो इंजेक्टर किती वेळ उघडला यावरून अंदाज बांधतो, पेट्रोल मोजत नाही. टाकी ते टाकी हाच मार्ग.

मुद्दाम फेऱ्या मारू नका. ४०० किलोमीटरच्या फेऱ्यांना बाइकचे आठशेहून अधिक रुपये जातात. रोजच्या जाण्यायेण्यातच मोजा. उदाहरण धरू खानापूरहून उद्यमबागेत कामाला येणाऱ्याचं: गणेबैल, मच्छे, पिरनवाडीवरून एका बाजूला सुमारे २५ किलोमीटर, दिवसाला ५०, आठ दिवसांत ४००. रस्ता तोच, वेळ तीच, माणूस तोच. चाचणीसाठी याहून चांगली सोय नाही.

कधी करायची? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. खानापूर तालुक्यातल्या पावसात ओला रस्ता चाकाला धरतो, रेनकोट वारा अडवतो, खड्डे चुकवत गिअर बदलावे लागतात. जूनमध्ये सुरू करून सप्टेंबरात संपवलेल्या चाचणीतून फक्त पाऊस मोजला जातो.

सुरुवातीची तयारी अशी:

१. टायर गार असताना, सकाळी निघण्याआधी, हवा पुस्तकातल्या आकड्याला आणा. दर पेट्रोल भरण्याच्या दिवशी पुन्हा तपासा. कारच्या चारही चाकांत ५ पीएसआय हवा कमी असेल तर साधारण एक टक्का ॲव्हरेज जातं, आणि आपण शोधत असलेला फरकही तेवढाच असतो.

२. मधल्या स्टँडवर उभी करून बाइकचं मागचं चाक हाताने फिरवा. सहज फिरलं पाहिजे. ब्रेक घासत असेल तर आधी तो सोडवून घ्या. चेन साफ करून वंगण द्या आणि चाचणीभर तोच नेम ठेवा.

३. चाचणी चालू असताना सर्व्हिसिंग, ऑइल बदल, टायर बदल काहीही करू नका. करायचंच असेल तर आधी उरका आणि ३०० किलोमीटर जाऊ द्या.

४. एक पंप, एक नोझल, एक वेळ ठरवा. बाइक दरवेळी मधल्या स्टँडवर, कार दरवेळी त्याच जागी त्याच तोंडाने. पंपाचा उतार बदलला की टाकीत पेट्रोल कमी-जास्त बसतं.

आता भरणं. नोझल पहिल्यांदा 'टक' करून थांबलं की थांबा. "अजून थोडं बसतंय" म्हणून वरून थेंब थेंब घालायला लावू नका. मोजणीत सगळ्यात मोठी चूक इथे होते. शिवाय कारमध्ये जास्तीचं पेट्रोल वाफ गोळा करणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाऊन तो खराब होतो. बाइकची टाकी छोटी, नोझल आपोआप नीट थांबत नाही, म्हणून टाकीच्या तोंडाच्या आतली एखादी खूण धरा आणि दरवेळी तिथेच थांबवा. ओडोमीटर लिहा, छापील बिल घ्या. बिलावर लिटर दोन दशांशापर्यंत असतात, दर असतो आणि पेट्रोलचा प्रकारही असतो. बिल नसेल तर मशीनच्या पडद्याचा फोटो काढा.

टाक्यांचा क्रम असा ठेवा: साध्याच्या दोन टाक्या मोजा. मग प्रीमियमच्या तीन, त्यातली पहिली सोडून द्या. मग पुन्हा साध्याच्या तीन, त्यातलीही पहिली सोडा. पहिली का सोडायची? १० लिटरच्या टाकीत रिझर्व्हला दीड लिटर उरलं असेल आणि वर साडेआठ घातलं, तर १५ टक्के जुनंच आहे. दुसऱ्या भरण्यानंतर जुनं दोन-सव्वादोन टक्के उरतं. नॉक सेन्सरच्या गाडीत कॉम्प्युटरलाही नव्या पेट्रोलची सवय व्हायला थोडं अंतर लागतं. शेवटी पुन्हा साध्यावर येणं टाळू नका. तेवढ्या दोन महिन्यांत हवा बदललेली असते, टायर झिजलेले असतात, आणि माणूस नकळत जपून चालवायला लागलेला असतो. 'प्रीमियम घातल्यावर वाढलं' असं सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांचं ॲव्हरेज हातातल्या ॲक्सिलरेटरने वाढलेलं असतं.

वहीतल्या नोंदी साधारण अशा दिसतील. हे आकडे पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत:

साधं: ४०२ किमी, ८.१ लिटर. ३९६ किमी, ७.९ लिटर.
प्रीमियम: ४०५ किमी, ८.० लिटर. ३९९ किमी, ७.८ लिटर.
पुन्हा साधं: ३९८ किमी, ७.८ लिटर. ४०१ किमी, ८.० लिटर.

प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी करू नका. सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, मग भागाकार. साध्याचे १,५९७ किमी भागिले ३१.८ लिटर, म्हणजे ५०.२. प्रीमियमचे ८०४ भागिले १५.८, म्हणजे ५०.९. वाढ १.३ टक्के, आणि हवी होती ७.८. साध्यावर किलोमीटरला २ रुपये ५ पैसे, प्रीमियमवर २ रुपये १८ पैसे. १३ पैशांचा तोटा, वर्षाला सुमारे १,५६० रुपये.

याच वहीत आणखी एक गोष्ट दिसते. साध्याच्याच चार टाक्या वेगवेगळ्या बघितल्या तर ॲव्हरेज ४९.६ पासून ५१.० पर्यंत हलतं, म्हणजे जवळपास तीन टक्के. हा भरण्यातला आणि रहदारीतला गोंधळ आहे. ८ लिटरच्या भरण्यात १०० मिलि इकडेतिकडे झाले की सव्वा टक्का गेला. मग १.३ टक्क्यांची 'वाढ' खरी की भास, हे या नोंदींवरून सांगता येत नाही. एका टाकीवरून निकाल सांगणाऱ्याचं ऐकू नका, मग तो अनुभवी मेकॅनिक का असेना.

तुमच्या नोंदीत प्रीमियमचं ॲव्हरेज सूत्रातल्या आकड्याच्या वर गेलं, आणि दोन्ही मोजलेल्या टाक्या साध्याच्या सगळ्या टाक्यांपेक्षा वर असल्या, तर तुमच्या गाडीला ते पेट्रोल लागतं. घाला, बिनधास्त.

पंपावर नजर कुठे ठेवायची

नोझल टाकीत जाण्याआधी पडद्यावरचा लिटरचा दर बघा. शून्य तर सगळेच बघतात, दर थोडेच. घाईत प्रीमियमचं नोझल लागलं की तो दरच सांगून जातो. कर्नाटक बाजूला सरळ "सादा हाकरी" म्हणा, कन्नड येत नसली तरी एवढे दोन शब्द पुरतात.

पेट्रोल रुपयांत मागण्यापेक्षा लिटरमध्ये मागा, हिशेब सोपा होतो. "शंभरऐवजी एकशे दहाचं घातलं की माप बरोबर येतं" हा निव्वळ समज आहे. मापाची शंका आली तर पंपावर वजनमाप खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं, त्यात मोजून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिपर्यंतचा फरक मान्य असतो. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका, दोन-तीन मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. डाग राहिला तर घनता तपासायला सांगा. १५ अंश तापमानाला आणून काढलेली घनता त्या दिवशी पंपावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा फार तर तीनने (किलो प्रति घनमीटर) कमी-जास्त हवी.

भेसळीच्या भीतीने प्रीमियम घेण्यात अर्थ नाही. खप जास्त असलेल्या पंपावरचं साधं पेट्रोल ताजं असतं. आडवाटेच्या पंपावर प्रीमियमची टाकी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहू शकते.

नॉकिंग येतंय म्हणून

तवंदी घाटात किंवा जांबोटीच्या पुढच्या चढावर इंजिन खडखडलं की लगेच पेट्रोलला दोष देतात. आधी गिअर खाली टाका. चौथ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने चढ ओढायला लावला तर कुठलंही पेट्रोल कुरकुर करेल. गिअर बदलून आवाज गेला तर दुखणं चालवण्यात होतं.

तरीही आला तर या क्रमाने बघा, स्वस्तापासून महागाकडे: कूलंटची पातळी आणि पंखा, स्पार्क प्लगचा नंबर पुस्तकातलाच आहे का, हवेची गळती होऊन मिश्रण पातळ झालंय का, आणि शेवटी सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन. कार्बन जागा व्यापतो, म्हणजे दाब वाढतो, आणि तापून लाल झाला की ठिणगीचं काम स्वतःच करतो. जुन्या इंजिनात दोन-तीन टाक्या ९५ घालून आवाज बंद झाला तर कारण कळलं असं समजा. इंजिन साफ करून घ्या आणि साध्यावर परत या. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनात प्रीमियममधली साफसफाईची रसायनं व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाहीत, तिथे व्हॉल्व्ह हातानेच साफ करावे लागतात.

हद्दीपलीकडचं स्वस्त पेट्रोल

तीन राज्यांचे कर वेगळे, म्हणून निपाणी-कागल, बेळगाव-शिनोळी आणि चोर्ल्यापलीकडे दर बदलतात. गोव्यात कर कमी, त्यामुळे तिथलं पेट्रोल ठळकपणे स्वस्त. जातच असाल तर येताना टाकी फुल करून या. साध्या-प्रीमियमच्या वादात जे वाचत नाही ते इथे वाचतं. मुद्दाम जायचं असेल तर मात्र आधी हा गुणाकार करा: दरातला फरक गुणिले भरणार ते लिटर, वजा वाकड्या वाटेचे किलोमीटर गुणिले किलोमीटरचा खर्च. लिटरला दीड रुपया स्वस्त आणि ३० लिटर भरलं तर ४५ रुपये वाचले. त्यासाठी कार १० किलोमीटर जास्त फिरली तर ६४ रुपये गेले. बाइकची आठ लिटरची टाकी म्हणजे १२ रुपये, सहा किलोमीटर वाकडं जाण्यातच संपले. कॅनमधून आणायचा विचार करू नका. उन्हात तापलेल्या कॅनमधली पेट्रोलची वाफ एका ठिणगीला पुरते, आणि ती गाडीच्या डिकीत असते.

पाऊस आणि पडून राहिलेलं पेट्रोल

इथेनॉल पाणी धरतं. थोडं पाणी विरघळून निघून जातं, पण जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं. इंजिनाला पेट्रोल तळातूनच जातं, मग गाडी सुरू होत नाही, आणि वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घटलेलं असतं. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात उघड्यावर उभ्या असलेल्या बाइकमध्ये पाणी शिरण्याची नेहमीची वाट म्हणजे टाकीच्या झाकणाभोवतीचं बुजलेलं भोक. पावसाळ्याआधी ते तारेने मोकळं करा. पाणी गेलंच असेल तर वरून प्रीमियम ओतून काही होत नाही. टाकी पूर्ण रिकामी करा, कार्ब्युरेटर असेल तर त्याचा खालचा स्क्रू काढून तोही रिता करा, आणि ताजं पेट्रोल घाला.

बाइक दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, आत हवेला जागा कमी म्हणजे ओलावा आणि गंज कमी. ब्रशकटर आणि फवारणीच्या पेट्रोल पंपांना उलट करा: हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. या यंत्रांना साधंच पेट्रोल पुरतं. टू-स्ट्रोक असेल तर ऑइलचं प्रमाण मात्र यंत्राच्या पुस्तकातलं घ्या आणि मिश्रण महिन्याभरात संपेल तेवढंच करा.